सासरी गेलेलं पुस्तक

"आज पेपर आला नाही का गं?" टॉवेलने डोकं पुसत ह्यांनी विचारलं.

"नाही आला. पेपरवाल्याने दांडी मारली असेल."

पेपर तेव्हा ज्वारीच्या डब्यात होता, ज्वारीच्याही खाली. माझी सगळी नोकरी मुलींना गणित शिकवण्यात गेली. खोटं बोलणाऱ्या मुलीचे कान कसे लाल होतात, ते मला शेवटच्या बाकापर्यंत दिसायचं. त्या दिवशी माझेच कान तापले होते, म्हणून मी पोळ्या लाटायच्या निमित्ताने ओट्याकडे तोंड फिरवलं.

"हं," हे म्हणाले आणि गुडघा चोळत पलंगावर बसले. "उद्यापासून ग्रंथालयात जाईन म्हणतो. आज सूज उतरल्यासारखी वाटतेय."

"डॉक्टर काय म्हणालेत विसरलात का?"

"डॉक्टरला काय जातंय म्हणायला. आठ दिवस झाले, चार पेपर एकत्र वाचले नाहीत. तोंडाची चव गेली माझी."

हे ग्रंथालयात गेले की संपलं. पेपर एक वेळ डब्यात लपवता येतो, ग्रंथालयाचा दरवाजा कुठे लपवू?

झालं होतं असं. सकाळी उभ्या उभ्या पेपर चाळताना स्थानिक बातम्यांच्या पानावर विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा फोटो दिसला. वर मथळा, 'आम्हाला कुणी नेलंच नाही'. खाली बातमी होती की, ग्रंथालयाने यंदा एक आगळंवेगळं प्रदर्शन मांडलं आहे. आजवर एकदाही कुणी घरी न नेलेली पुस्तकं कपाटातून काढून दाराशी मांडली आहेत आणि विद्यार्थी कुतूहलाने गर्दी करत आहेत. फोटोत सगळ्यांत पुढे, वर्गात उभं केलेल्या पोरासारखं, ह्यांचं पुस्तक उभं होतं. 'फडपद्धती : रचना आणि रिवाज. लेखक – भास्कर देसले.' नाव अगदी स्वच्छ वाचता येत होतं. एरवी ह्या पेपरात मुख्यमंत्र्यांचंही तोंड नीट छापून येत नाही.

आमच्या खानदेशात नदीवर बंधारा घालून गावाने पाणी वाटून घ्यायची जुनी रीत आहे, तिला फड म्हणतात. हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. रविवार आला की सायकल काढायची आणि पांझरा नदीच्या काठाने एकेका गावात जाऊन म्हाताऱ्यांना बोलतं करायचं, हा ह्यांचा छंद. घरात दोन लेकरं, शाळेच्या वह्यांचे गठ्ठे आणि मी. नदी ही माझी सवत आहे असं मी माहेरी सांगायचे. लोक हसायचे, पण मी ते निम्मंच थट्टेने म्हणत असे. शेवटी एकदाचं पुस्तक निघालं. ग्रंथालयाची प्रत ह्यांनी स्वतः नेऊन दिली. निवृत्तीनंतर विद्यापीठाच्या गावी घर बांधलं ते मुलाची नोकरी इथे म्हणून, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. खरं कारण ते ग्रंथालय असावं, असा मला अजून संशय आहे. हे रोज दहाला सायकलवर निघायचे ते जेवायलाच परत.

आणि त्याच दारात आता ह्यांची ही शोभा. माझं डोकं फिरलं. ह्यांच्या कानावर जायच्या आत ते पुस्तक तिथून हललं पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

"महिला मंडळात जाऊन येते," मी म्हटलं, पिशवी घेतली आणि रिक्षा पकडली.

ग्रंथालयात मी त्याआधी एकदाच गेले होते. आत शिरताच डाव्या हाताला नव्या पुस्तकांची मांडणी, उजव्या हाताला वर्तमानपत्रातल्या कात्रणांचा फळा. फळ्यावर आजची बातमी लावूनही झाली होती, फोटोसकट. मधोमध लांब टेबलांवर लाल साटीन अंथरून ती पुस्तकं उभी केलेली. प्रत्येकापुढे परतीची तारीख मारायची त्याची चिठ्ठी, कोरी करकरीत. काही जागा रिकाम्या होत्या आणि तिथे पुठ्ठ्याची पाटी, 'सासरी गेलं'.

दोन मुली ह्यांच्या पुस्तकापाशी उभ्या होत्या. "रचना आणि रिवाज," एक वाचून म्हणाली, "लग्नाचं आहे का गं?" दुसरी खुदकन हसली. त्यांचा काही दोष नव्हता. तरी माझा हात शिवशिवला.

टेबलामागे एक हसतमुख तरुण बसला होता. छातीवर नावाची पट्टी, योगेश बडगुजर. हे घरी ज्या बडगुजरचं नाव घ्यायचे तो हाच. तो मला ओळखत नव्हता.

"हे पुस्तक इथून काढा," मी म्हटलं.

"नेताय का, काकू? वा. नेलं की लगेच निघतं."

"न्यायचं नाही. नुसतं काढा."

"तसं नाही करता येत. एकच नियम आहे आमचा. कुणी घरी नेलं की त्याची पाटी लागते सासरी गेल्याची. नाहीतर प्रदर्शन संपेपर्यंत इथेच."

"जिवंत माणसाचं पुस्तक आहे हे. त्याला काय वाटेल याचा विचार केलात?"

माझा आवाज शाळेतला लागला असावा. आतल्या खोलीतून ग्रंथपाल बाहेर आल्या. गिरासे मॅडम, पन्नाशीच्या, शांत. मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुम्ही देसले सरांच्या कोण?" त्यांनी विचारलं.

बायको म्हणून सांगितलं असतं तर ही बातमी संध्याकाळपर्यंत ह्यांच्यापर्यंत पोहोचली असती. 'तुमच्या मिसेस येऊन भांडून गेल्या.' म्हणून मी म्हटलं, "मी वाचक आहे त्यांची."

मॅडमचा चेहरा फुलला. "काय सांगता. अहो, मग तुम्हीच हव्यात आम्हाला. बडगुजर, कार्ड आणा. ज्यांनी यातलं पुस्तक आधी कुठे वाचलंय, त्यांच्या दोन ओळी आम्ही पुस्तकाशेजारी लावतोय. तुम्ही लिहा ना. काय आवडलं तुम्हाला त्यातलं?"

"माहितीपूर्ण आहे," मी म्हटलं.

"हो, ते आहेच. पण एखादं प्रकरण? एखादी जागा?"

मी पाणी प्यायले. ग्लास रिकामा झाला तरी ओठाला लावून ठेवला. गृहपाठ न केलेल्या मुलींना मी आयुष्यभर बाकावर उभं केलं. 'वाचलंय बाई, पण आठवत नाही' म्हणणाऱ्यांना तर जास्तच बोलले. पुस्तक निघालं तेव्हा ह्यांनी मलाही असंच विचारलं होतं, "कसं वाटलं?" मी कुकरची शिटी मोजत म्हटलं होतं, "छान झालंय." हे जरा वेळ दारात थांबले, आणखी काही येईल म्हणून. मग गेले. पुढेही कधी विषय निघाला की माझं उत्तर ठरलेलं, छान आहे. एवढ्या वर्षांत त्या छानच्या पुढे मला एक शब्द सांगता आला नव्हता आणि त्या खुर्चीवर बसून तो सापडण्यासारखा नव्हता.

"पुन्हा एकदा वाचते आणि मग लिहिते," मी म्हटलं. "मला सभासद करून घ्या. आत्ताच."

मॅडमनी फार ताणलं नाही. नाव लिहिताना बडगुजर थबकला. "तुम्हीही देसलेच?"

"आमच्याकडे दगड उचलला की खाली देसले निघतो," मी म्हटलं. तो हसला. पुस्तकाच्या कोऱ्या चिठ्ठीवर पहिला शिक्का बसला, पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचा. टेबलावरच्या रिकाम्या जागी पाटी लागली. गड जिंकल्यासारखी मी बाहेर पडले. वाटेत कोथिंबीर घेतली आणि पुस्तक तिच्याखाली दडवलं.

घरी आले तर हे दारातच उभे, हातात पेपर.

"कुठे मिळाला?"

"शेजारच्या पाटलांकडून आणला. हे बघ, बघितलंस का?" ह्यांनी तेच पान माझ्या डोळ्यांपुढे धरलं. मी पानाकडे न बघता ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. आणि चक्रावले. हे हसत होते.

"माझंच पुढे आहे," हे म्हणाले. "मीच सांगितलं होतं गिरासे मॅडमना, फोटो काढतील तेव्हा माझं पुढे ठेवा म्हणून."

"तुम्ही सांगितलं होतं?"

"मग. त्या पुस्तकं निवडत होत्या तेव्हा मी तिथेच होतो. म्हणाल्या, अण्णा, तुमचं मांडायला जीव होत नाही. मी म्हटलं, खुशाल मांडा. मागच्या कपाटात वर्षानुवर्षं उभं राहून काय मिळालं त्याला? इथे निदान दाराशी तरी येईल."

"लोक हसतील असं नाही वाटलं?"

"हसू देत की. हसता हसता एखादा उचलेल." आणि मग आवाज खाली आणून, एखाद्याला नातू झाल्याचं सांगावं तसं, हे म्हणाले, "आणि उचललं, कुमुद. आत्ताच फोन लावला होता. बडगुजर म्हणाला, अण्णा, गेलं तुमचं पुस्तक सासरी. एक बाई आल्या, तेवढ्यासाठी सभासद झाल्या, आणि ते एकच घेऊन गेल्या."

मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"कोण होत्या म्हणे?"

"ते नाही सांगत. कुणी काय नेलं ते बाहेर सांगायचं नाही, मॅडमचा कडक नियम आहे. बरोबरच आहे म्हणा." हे आत जाऊन पलंगावर बसले, परत उठले. "म्हणजे फोटो बघूनच आल्या असणार ना? मुद्दाम?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण हे म्हणाले, "आज वरण जरा जास्त कर. भूक लागलीय," आणि गुडघ्याचं विसरून स्वतःच पाटपाणी मांडायला लागले. त्या माणसाच्या पुढ्यातलं ताट ओढून घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती. करायला गेले काय आणि होऊन बसलं काय.

त्या धावपळीत ह्यांचा गुडघा पुन्हा सुजला, ग्रंथालय लांबलं, आणि आमच्या घरात एक तिसरं माणूस राहायला आलं. सकाळी चहाला ती बाई, जेवताना ती बाई. "आता दुसऱ्या प्रकरणात असेल. तिथे जरा आकडे जास्त झालेत, कंटाळू नये म्हणजे झालं." "शिक्षिका असेल का गं? की शेतकरी घरातली?" "पाचव्यापर्यंत पोहोचली की मग ठेवणार नाही खाली." मी हो हो करत राहायचे.

शेवटी मी वाचायला घेतलं. दुपारी ह्यांचा डोळा लागला की डाळ वाळवायच्या निमित्ताने गच्चीत जायचं, टाकीच्या सावलीत बसायचं. चोरून वाचायचं वय नव्हतं माझं, आणि पुस्तकही चोरून वाचण्यातलं नव्हतं. पहिली दोन प्रकरणं खरंच रुक्ष होती, बंधाऱ्याची लांबी आणि पाटांची मापं. एका तक्त्यात बेरीजही चुकली होती. आधी मला दाखवली असती तर मी काढून दिली असती, असं मनात आलं आणि लगेच आठवलं की हे तक्ते घेऊन माझ्याकडे आले होते. मी वह्या तपासत होते.

मग पाचवं प्रकरण आलं. पाणी कमी पडलेल्या एका सालाचं. एका गावात कुणाचं शेत कोरडं ठेवायचं ते देवळात चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. चिठ्ठी निघालेला शेतकरी काय म्हणाला, त्याची बायको पाटाकडे पाठ करून कशी बसली, आणि तरी रात्री पाटावर राखणीला तोच माणूस कसा गेला, हे ह्यांनी त्यांच्याच बोलीत, एक शब्द वाढवून न सांगता लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि पुस्तक मांडीवर ठेवून रडले. एवढे रविवार हे कुठे होते, कुणाजवळ बसले होते, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळत होतं. आणि असं लिहिणारा माणूस खाली पलंगावर झोपला होता, एका अनोळखी बाईच्या भरवशावर.

सांगायचं मी रोज ठरवायचे. रोज उद्यावर ढकलायचे.

परतीची तारीख ह्यांना पाठ होती. त्या दिवशी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला. "मी काही तिला त्रास देणार नाही," हे म्हणाले. "पेपरांच्या विभागात बसतो, तिथून काउंटर दिसतं. पुस्तक ठेवताना तोंड बघितलं तरी कळतं. बोललीच तर बोलेन." आणि काठी टेकत रिक्षात बसले.

मी घरात येरझाऱ्या घातल्या. शेजारच्या पाटीलवहिनींच्या हाती पाठवावं, असंही आलं मनात. पण मग हे त्या बिचारीला प्रकरणवार प्रश्न विचारत बसले असते. दुसऱ्या दिवशी न्यावं, तर हे दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले असते. चुकवायला जागाच नव्हती. शिवाय, खोटं कशाला बोलू, मला आतून थोडी उमेदही वाटत होती. आता माझ्याकडे उत्तर होतं. एक नाही, चार होती. सांगेन, की मी वाचलं, आणि छानच्या पुढचं काय ते सांगेन.

प्रदर्शन आवरलं होतं. लाल साटीन जाऊन टेबलांवर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आली होती. पेपरांच्या विभागात हे बसले होते, पेपर उलटा नव्हता एवढंच. मी दारातून आले तेव्हा ह्यांनी वर बघितलं होतं, पण बाकावरच्या एका मुलाच्या आड मी काउंटरला पोहोचले. पुस्तक ठेवलं.

"बरं झालं आणलंत, काकू," बडगुजर म्हणाला, आणि त्याचा आवाज तसा मोठाच. "ह्या पुस्तकासाठी भूगोल विभागाची एक मुलगी दोनदा येऊन गेली. फोटो बघून आली होती, प्रकल्प करायचा होता तिला फडांवर. पुस्तक बाहेर आहे म्हटल्यावर शेवटी दुसरा विषय घेतला तिने. विषय द्यायची मुदत संपत होती ना."

मी पुस्तकावरचा हात काढून घेतला.

"अण्णा," त्याने माझ्या खांद्यावरून हाक मारली, "या. सांगू नये खरं तर, पण आता समोरच आहेत. याच त्या."

काठीचा आवाज जवळ आला आणि थांबला. मी वळले.

"तू?" हे म्हणाले.

"हो."

ह्यांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. कुणी येत नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मला बघून ह्या माणसाचा चेहरा उतरलेला मी पाहिला नव्हता.

"मी वाचलं," मी घाईघाईने म्हणाले. "सगळं. पाचवं प्रकरण फार ताकदीचं लिहिलंय तुम्ही. ती पाटाकडे पाठ करून बसलेली बाई डोळ्यांपुढून जात नाही माझ्या. पण ज्याचं शेत त्या साली कोरडं राहिलं, त्याला पुढच्या साली पहिलं पाणी द्यायचे का? ते तुम्ही लिहिलं नाही."

"द्यायचे," हे म्हणाले. "लिहायचं राहिलं."

प्रश्न चांगला होता, हे ह्यांच्या डोळ्यांत क्षणभर दिसलं. मग तेही गेलं.

"इथून का नेलंस? घरात एक प्रत आहे की."

"फोटो बघितला, आणि तुम्हाला लागेल म्हणून… मला ते इथून हलवायचं होतं. आणि घरातली हातात घेतली असती तर तुम्हाला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की मी आधी वाचलं नव्हतं."

"ते माहीत होतं मला," हे म्हणाले. आवाज नेहमीचाच, जेवायला काय आहे विचारावं तसा. "घरच्या प्रतीची पानं वरून जोडलेली आहेत, छापखान्यातून आली तशी. कापल्याशिवाय उघडत नाहीत; इथली मी कापून दिली होती. दर दिवाळीला कपाट झाडताना बघतो मी. जोडलेलीच असतात."

ह्यांनी चिडायला हवं होतं. चिडले असते तर मीही दोन शब्द बोलले असते, आणि आमचं नेहमीसारखं भांडण होऊन संपलं असतं. दर दिवाळीला मी ह्यांच्या हातात फडकं द्यायचे आणि म्हणायचे, वरचा कप्पा तुमचा, तुम्हीच झाडा.

बडगुजर शिक्का हातात धरून आम्हा दोघांकडे बघत होता. त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो हळूच म्हणाला, "काकू, जमा करू, की मुदत वाढवून देऊ?"

मी काही बोलायच्या आत ह्यांनी काउंटरवरचं पुस्तक उचललं, हाताने त्याचं वेष्टन पुसलं आणि बडगुजरपुढे सरकवलं.

"जमा करून घे," हे म्हणाले. "कुणाला हवं असेल."

आमच्या मागे रांगेत कुणी नव्हतं.